भरवशाचा मदरबोर्ड

संगणकावर खेळ खेळणाऱ्या तरुणांची एक हौस घरातील वडील मंडळींना नेहमी कोड्यात टाकते. चांगला महागाचा संगणक घरी येतो, आणि तो सुरळीत चालू लागतो न लागतो तोच त्याचा मालक त्याला कारखान्याने घालून दिलेल्या वेगाहून अधिक वेगाने पळवण्याच्या खटपटीला लागतो. या खटपटीला ओव्हरक्लॉकिंग असे नाव आहे. ही हौस योग्य की अयोग्य हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी ती करणाऱ्याला एक निर्णय फार जपून घ्यावा लागतो, आणि तो म्हणजे मदरबोर्डाची निवड. प्रोसेसर कोणता घ्यावा, ग्राफिक्स कार्ड कोणते घ्यावे, याविषयी दुकानात तासन् तास चर्चा चालते. ज्या पाटीवर हे सारे बसवायचे, ती पाटी मात्र पुष्कळदा उरलेल्या पैशांत किंवा तिच्यावरील रंगीत दिवे पाहून घेतली जाते.

मदरबोर्ड म्हणजे निरनिराळे भाग एकमेकांस जोडणारी पाटी, एवढीच कल्पना मनात असली म्हणजे असे होते. वस्तुतः प्रोसेसराला वीज पोहोचवणे हे त्या पाटीचे पहिले काम होय. आणि किती वीज पोहोचवावी, याचा हुकूमही बराचसा तीच देते. म्हणून भरवशाचा मदरबोर्ड ओळखावयाचा तर दोन गोष्टी पाहाव्या लागतात. प्रोसेसर मागेल तेवढी वीज त्याने कमी पडू देता कामा नये, ही एक. मालकाने सांगितल्यावाचून त्याने प्रोसेसराला जास्त वीज पाजता कामा नये, ही दुसरी. पहिल्या गोष्टीविषयी जाहिराती भरभरून बोलतात. दुसरीविषयी बोलणे २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत सुरू झाले, आणि तेही पुष्कळांचे पैसे बुडाल्यावर.

वेग वाढवणे म्हणजे नेमके काय, हे प्रथम पाहिले पाहिजे. प्रोसेसरातील कोट्यवधी सूक्ष्म स्विच एका समान ठेक्यावर उघडझाप करतात. लेझमीचे पथक हलगीच्या ठेक्यावर पावले टाकते, तसाच हा प्रकार. हलगी जलद झाली की पावलेही जलद पडली पाहिजेत. एक गडी मागे राहिला तरी रांग विस्कटते. आजच्या चांगल्या प्रोसेसरात हा ठेका सेकंदाला ५०० कोटींच्या आसपास पडतो. तो आणखी वाढवायचा, तर प्रत्येक स्विचाने आपली अवस्था अधिक लवकर बदलली पाहिजे, आणि त्यासाठी विजेचा दाब, म्हणजे व्होल्ट, वाढवावा लागतो. हिशेब येथे अवघड होतो. लागणारी शक्ती वेगाच्या प्रमाणात वाढते हे खरे. पण व्होल्टच्या बाबतीत ती वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के वाढवला आणि त्यापायी व्होल्टही १० टक्के वाढवावे लागले, तर वीज सुमारे ३३ टक्के अधिक लागते. उष्णताही तितकीच वाढते. पदरात मात्र पडतो तो १० टक्के वेग.

या छंदाला बहर आला तो १९९८ साली. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये इंटेल कंपनीने सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्त प्रोसेसर बाजारात आणला. त्याचा ठरलेला वेग ३०० मेगाहर्ट्झ होता. मदरबोर्डावरून येणाऱ्या ६६ मेगाहर्ट्झच्या मूळ ठेक्याला प्रोसेसर आपल्या आत साडेचारने गुणी, आणि हा साडेचारचा आकडा कारखान्याने कुलूपबंद केलेला होता. पण मूळ ठेका हा मदरबोर्डाचा. तो ६६ ऐवजी १०० केला की तोच प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झने पळू लागे, आणि बहुतेक नग तो वेग विनातक्रार सोसत. त्याच सुमारास आलेला ४५० मेगाहर्ट्झचा पेंटियम टू कितीतरी पटींनी महाग होता. साहजिकच जगभरच्या हौशी मंडळींनी हा स्वस्त प्रोसेसर उचलला.

या प्रसंगातील महत्त्वाची गोष्ट सहसा सांगितली जात नाही. यश प्रोसेसराइतकेच मदरबोर्डाचे होते. इंटेलच्या ४४०बीएक्स या चिपसेटावर बांधलेल्या मदरबोर्डांना १०० मेगाहर्ट्झचा ठेका मुळातच मान्य होता. त्यांच्या दृष्टीने काहीच मर्यादेबाहेर चालले नव्हते. विस्तार कार्डांचा ठेका १०० चा तिसरा हिस्सा, म्हणजे जिथल्या तिथे ३३ मेगाहर्ट्झच राहत असे. याउलट ज्यांनी मूळ ठेका ८३ असा अधलामधला ठेवून पाहिला, त्यांच्या विस्तार कार्डांवर त्याचा निम्मा, म्हणजे साडेएकेचाळीस मेगाहर्ट्झचा ठेका जाऊ लागला, आणि हार्ड डिस्कवरील मजकूर बिघडण्याच्या तक्रारी येऊ लागल्या. अबिट या तैवानी कंपनीचा बीएच६ हा मदरबोर्ड तेव्हा विशेष नावाजला गेला. पाटीवरच्या लहानलहान टोप्या चिमट्याने हलवण्याऐवजी वेग आणि व्होल्ट पडद्यावरूनच, बायोसमध्ये, बदलण्याची सोय त्यात होती.

पुढे १९९९ ते २००७ या काळात मदरबोर्डांवर एक वेगळीच साथ आली. पाटीवर लहान डब्यांसारखे दिसणारे जे कपॅसिटर असतात, ते विजेतील चढउतार आपल्या पोटात घेऊन पुरवठा समतल ठेवतात. जुन्या पद्धतीच्या कपॅसिटरात अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांच्या मध्ये एक द्रव भरलेला असे. काही कारखान्यांच्या कपॅसिटरांतील द्रव सदोष निघाला. त्यातून वायू सुटे, डब्याचे डोके फुगे, आणि शेवटी तपकिरी रस पाटीवर ओघळे. चोरलेल्या अपुऱ्या सूत्रावरून तो द्रव बनवला गेला, अशी हकीकत तेव्हा सर्वत्र सांगितली गेली. कारण काहीही असो, नुकसान प्रचंड झाले. डेल कंपनीने २००५ साली सदोष मदरबोर्ड बदलून देण्याच्या खर्चापोटी ३० कोटी डॉलर बाजूला काढले. वेग वाढवून संगणक वापरणाऱ्यांना हा फटका आधी बसे, कारण द्रवाच्या कपॅसिटराचे आयुष्य तापमान १० अंशांनी वाढले की ढोबळमानाने निम्म्यावर येते.

त्यानंतर द्रवाची जागा घनरूप पॉलिमराने घेतली, आणि आज चांगल्या मदरबोर्डांवर प्रोसेसराभोवती तेच कपॅसिटर असतात. त्यांच्यावर १०५ अंश सेल्सियसला ५,००० तास किंवा १०,००० तास असे आयुष्य सांगितलेले असते. हा आकडा लहान वाटतो. परंतु अशा कपॅसिटराचे आयुष्य तापमान २० अंशांनी उतरले की सुमारे दहापट होते, असा हिशेब आहे. ८५ अंशांवर ५,००० चे ५०,००० तास होतात, आणि दररोज आठ तासांच्या वापराने ते १७ वर्षे पुरतात. म्हणून खोक्यावर कपॅसिटराची जात मोठ्या अक्षरांत छापलेली पाहून फार हुरळून जाण्याचे कारण नाही. ते तापतात किती, हे अधिक महत्त्वाचे.

आता आजच्या मदरबोर्डाकडे वळले पाहिजे. एसएमपीएसकडून प्रोसेसरासाठी येणारी वीज १२ व्होल्टची असते. प्रोसेसराला लागतो सव्वा व्होल्टच्या आसपासचा दाब. मधले रूपांतर मदरबोर्डावरील जे मंडळ करते, त्याला व्हीआरएम म्हणतात. प्रोसेसराच्या खाचेच्या दोन बाजूंना धातूच्या जाड ठोकळ्यांखाली ते दडलेले असते. ओझे किती, ते एका उदाहरणाने ध्यानात येईल. वेग वाढवलेला प्रोसेसर २०० वॅट खात असेल, आणि तो सव्वा व्होल्टवर चालत असेल, तर त्याच्यात शिरणारा प्रवाह १६० अँपिअर होतो. घरातील गीझरच्या जाड खिळ्यांच्या प्लगाची मर्यादा १६ अँपिअर असते. त्याच्या दहापट प्रवाह एका तळहाताएवढ्या जागेतून, तांब्याच्या पातळ थरांतून, न अडखळता गेला पाहिजे.

एवढे ओझे एकट्याने पेलत नाही, म्हणून ते वाटून घेतले जाते. एक चोक, म्हणजे तारेचे वेटोळे, आणि त्याला वीज सोडणारी स्विचांची जोडी, असा एक संच होतो. त्याला फेज म्हणतात. हे फेज आळीपाळीने काम करतात. सहा फेजांत १६० अँपिअर वाटले तर प्रत्येकाच्या वाट्यास २७ येतात. सोळांत वाटले तर १० येतात. तारेत प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात उष्णता होते, तेव्हा वाटेकरी वाढवल्याने तापणे पुष्कळ कमी होते. येथवर जाहिरातदारांचे म्हणणे रास्त आहे. पण पुढे ते फेजांची संख्या घोड्यांच्या शर्यतीसारखी मिरवू लागतात. काही ठिकाणी एकाच हुकमावर दोन फेज जोडीने चालवतात आणि मोजताना दोन मोजतात. त्यात फसवणूक असतेच असे नाही, परंतु संख्या एकटी काही सांगत नाही. प्रत्येक फेजातील स्विच किती अँपिअरचा, हेही पाहावे लागते. ५० ते ६० अँपिअरचे चांगले स्विच असलेले बारा-चौदा फेज बहुतेक हौशी माणसाला पुरून उरतात. ११० अँपिअरचे वीस फेज घेणे म्हणजे तांब्याभर पाण्यासाठी विहीर विकत घेणे होय. द्रवरूप नायट्रोजन ओतून विक्रम करणाऱ्यांसाठी ते मदरबोर्ड असतात, आणि असे विक्रम करणारा माणूस मदरबोर्ड निवडण्यासाठी लेख वाचत बसत नाही.

खरी परीक्षा उष्णतेची. रूपांतराचे काम व्हीआरएम साधारण ९० टक्के कार्यक्षमतेने करतो, असे धरले, तर २०० वॅट प्रोसेसराला देताना सुमारे २२ वॅट वाटेतच उष्णतेच्या रूपाने सांडतात. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातील सोल्डरिंगचे साधन २५ वॅटचे असते, आणि त्याने कथील वितळते. जवळजवळ तेवढी उष्णता पाटीवर अखंड निर्माण होते, म्हणून तिच्यावरील हीटसिंक शोभेचा असून चालत नाही. त्याला खोल खाचा किंवा पातळ पाती असावी, वजन असावे, आणि तो दोन्ही बाजूंच्या फेजांवर नीट दाबून बसलेला असावा. प्लॅस्टिकच्या चकचकीत झाकणाखाली अॅल्युमिनियमची एक पट्टी, असले प्रकार बाजारात आहेत. दुकानात बोट लावून पाहिले तरी ते कळतात.

येथे पाण्याने थंड करण्याच्या साधनाचा एक दुष्परिणाम सांगितला पाहिजे. प्रोसेसरावर पंखा असलेला नेहमीचा कूलर बसवला की त्याची थोडी वाऱ्याची झुळूक आसपासच्या व्हीआरएमलाही लागते. पाण्याचा कूलर बसवला की पंखे कॅबिनेटच्या छताला किंवा तोंडाशी जातात. प्रोसेसर थंड राहतो, आणि व्हीआरएम मात्र वाऱ्यावाचून तापत राहतो. मालकाला वाटते, एवढा खर्च करून थंडाव्याची व्यवस्था केली; आणि संगणक अर्ध्या तासाने आपोआप मंदावतो. कॅबिनेटच्या मागच्या बाजूस एक पंखा ठेवला तरी हा दोष बराच दूर होतो.

शिवाय परदेशांतील परीक्षणे वाचताना हवामानाचा फरक जमेस धरला पाहिजे. तेथील मोजमापे वीस-बावीस अंशांच्या खोलीत घेतलेली असतात. इंदूर, ग्वाल्हेर किंवा हैदराबाद येथे मे महिन्यात बाहेरचे तापमान ४० अंशांपलीकडे जाते, आणि वातानुकूलन नसलेली खोली दुपारी ३७ अंशांवर असणे मुळीच अशक्य नाही. खोलीची उष्णता जशीच्या तशी वर चढते. परीक्षणात ८५ अंशांवर थांबलेला व्हीआरएम येथे १०० अंशांवर जाईल. वडोदऱ्यातील गृहस्थाने तैवानात किंवा जर्मनीत झालेली चाचणी वाचून मदरबोर्ड घेताना ही पंधरा अंशांची बेरीज आधी करावी, आणि मग तो पुरेसा आहे की नाही ते ठरवावे. ग्वाल्हेरच्या धुळीत दाट पात्यांचा हीटसिंक वर्षातून दोनदा झटकावा लागतो, हेही ओघाने आलेच.

दाबातील चढउताराविषयी थोडे अधिक बोलणे आवश्यक आहे, कारण बायोसमधील सर्वांत घातक कळ येथे आहे. सकाळी गल्लीतील सर्व नळ एकदम सुटले की पाण्याचा दाब घसरतो, आणि सगळे एकदम बंद झाले की क्षणभर उसळतो. प्रोसेसरावर कामाचा भार एकदम आला की त्याचे व्होल्ट असेच घसरतात, आणि भार उतरला की उसळी मारतात. ही घसरण दोष नसून जाणूनबुजून ठेवलेली असते, कारण तिच्यामुळे उसळीला जागा राहते. वेग वाढवणाऱ्याला मात्र ती खुपते; घसरलेल्या क्षणी संगणक बंद पडतो. म्हणून लोड-लाइन कॅलिब्रेशन नावाची सोय दिलेली असते. तिचा आकडा वाढवला की घसरण कमी होते. सर्वांत वरच्या आकड्यावर ती नाहीशीच होते, आणि मग भार उतरताना व्होल्ट ठरवलेल्या मर्यादेच्या वर जातात. हे इतक्या अल्प काळात घडते की पडद्यावरचे मापक ते दाखवतही नाही. मधला आकडा ठेवावा आणि थोडी घसरण सोसावी, हे शहाणपणाचे. या बाबतीत चांगल्या व्हीआरएमचा लाभ स्पष्ट दिसतो: मधल्या आकड्यावरही तो दाब पुरेसा स्थिर ठेवतो.

हे झाले वीज कमी न पडण्याविषयी. आता दुसऱ्या लक्षणाकडे यावे.

एप्रिल २०२३ मध्ये एएमडी कंपनीच्या रायझन ७००० मालिकेतील एक्स३डी जातीचे काही प्रोसेसर जळाल्याची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. प्रोसेसराचा तळ फुगलेला, आणि मदरबोर्डाच्या खाचेत त्याच जागी काळा डाग. मालकांपैकी कित्येकांनी वेग वाढवण्याचा कोणताही प्रयत्न केला नव्हता. त्यांनी केले होते ते इतकेच की रॅम तिच्या खोक्यावर छापलेल्या वेगाने चालावी म्हणून बायोसमधील एक्स्पो ही कळ चालू केली होती. रॅम स्थिर चालावी या हेतूने काही मदरबोर्ड तेवढ्यावरून प्रोसेसराच्या एका भागाचे व्होल्ट आपण होऊन वाढवीत. एएमडीने त्यानंतर बायोसच्या नव्या आवृत्त्यांतून त्या व्होल्टला १.३ ची कमाल मर्यादा घातली.

दुसरे प्रकरण अधिक मोठे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या वरच्या दर्जाच्या प्रोसेसरांवर खेळ मध्येच बंद पडू लागले. लक्षण चमत्कारिक होते. खेळ सुरू होताना ग्राफिक्सची स्मृती अपुरी असल्याची सूचना पडद्यावर येई. लोक ग्राफिक्स कार्डावर संशय घेत, ते बदलूनही पाहत, आणि दोष तसाच राही. वास्तविक चूक प्रोसेसराची होती. दाबून साठवलेली माहिती उलगडताना तो चुकीचे उत्तर काढी, आणि खेळ त्या चुकीच्या उत्तराचा आपल्या परीने अर्थ लावी. २०२४ मध्ये इंटेलने कारणे सांगितली. प्रोसेसराच्या अंतर्गत आज्ञावलीतील दोषामुळे गरजेपेक्षा अधिक व्होल्ट मागितले जात होते, हे मुख्य कारण. पण कारणांच्या त्याच यादीत मदरबोर्डांवरील वीजमर्यादा इंटेलच्या मार्गदर्शनापलीकडे ठेवलेल्या असणे, हेही होते. ज्या प्रोसेसराची कमाल मर्यादा २५३ वॅट, त्याच्यासाठी अनेक मदरबोर्ड कारखान्यातूनच ४,०९५ वॅट अशी मर्यादा लावून येत. याचा अर्थ मर्यादा नाहीच. परीक्षणांतील तुलनेत आपला मदरबोर्ड दोन टक्क्यांनी पुढे दिसावा, यासाठी ही चढाओढ वर्षानुवर्षे चालली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये व्होल्टची मागणी १.५५ वर रोखणारी सुधारणा बायोसद्वारे आली, आणि इंटेलने या प्रोसेसरांची हमी तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली. मात्र ज्या प्रोसेसरांची हानी आधीच झाली होती, ते सुधारणेने बरे होत नाहीत. ते बदलूनच घ्यावे लागतात.

या दोन्ही प्रसंगांवरून घेणाऱ्याने काय पाहावे, हे उघड आहे. मदरबोर्ड पहिल्यांदा चालू केल्यावर कोणत्या मर्यादा लावतो, ते बायोस उघडून आकड्यांत पाहावे. इंटेलचे प्रमाणित आकडे निवडण्याची सोय स्पष्ट शब्दांत दिलेली असावी. मल्टिकोअर एन्हान्समेंट यांसारख्या गोड नावाच्या कळा बंद ठेवता आल्या पाहिजेत. वेग वाढवायचा असेल तर तो मालकाने, एकेक आकडा समजून, स्वतः वाढवावा. मदरबोर्डाने परस्पर वाढवलेल्या वेगाचा ना हिशेब राहतो, ना त्याची सहनशक्ती कळते. तसेच बायोसच्या नव्या आवृत्त्या कंपनी किती तत्परतेने देते, आणि चार-पाच वर्षांपूर्वीच्या मदरबोर्डांना त्या अजून देते की नाही, हे कंपनीच्या पानावरील तारखा पाहून कोणालाही कळते. फेजांच्या संख्येपेक्षा या तारखा अधिक बोलक्या असतात. तेराव्या-चौदाव्या पिढीसाठी झेड७९० जातीचा जुना साठ्यातील मदरबोर्ड आजही कोणी घेत असेल, तर त्याने खेळ चढवण्याच्या आधी नवा बायोस चढवावा.

चिपसेटाच्या अक्षरांचा घोळ थोडक्यात सांगता येईल. इंटेलच्या बाजूस नावात के हे अक्षर असलेला प्रोसेसर आणि झेड जातीचा मदरबोर्ड, अशी जोडी असल्यावाचून गुणकाला हात लावता येत नाही. बी७६० सारख्या मदरबोर्डावर फक्त रॅमचा वेग वाढतो. एएमडीच्या बाजूस मन मोठे आहे. एक्स जातीप्रमाणे बी६५० आणि बी८५० यांवरही ही मुभा असते. ए६२० वर ती नाही, आणि बी८४० या नावात बी असूनही त्यावर ती नाही. या शेवटच्या नावाने फसगत होणे सोपे आहे.

रॅमच्या बाबतीत एकच गोष्ट लोकांना पटवणे कठीण जाते. खोक्यावर ६००० असा आकडा असलेली रॅम त्या आकड्याने चालवणे, हेही ओव्हरक्लॉकिंगच होय. रायझन ७००० साठी एएमडीने मान्य केलेला वेग दोन पट्ट्यांना ५२०० असा आहे, आणि चार पट्ट्या बसवल्या तर तो ३६०० वर उतरतो. तेव्हा पुढे कधीतरी आणखी दोन घालू, असा बेत करण्यापेक्षा प्रथमच मोठ्या क्षमतेच्या दोन पट्ट्या घ्याव्या. त्या प्रोसेसरापासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवण्याची बहुतेक मदरबोर्डांवर सूचना असते, आणि ती पाळली न गेल्याने कित्येक चांगले मदरबोर्ड सदोष ठरवून परत पाठवले जातात.

वेग वाढवणाऱ्याच्या हातून चुका होणारच. आकडा जास्त झाला, पडदा काळा राहिला, आता काय, हा प्रसंग आठवड्यातून एकदा येतो. अशा वेळी मदरबोर्डाच्या मागील बाजूस बायोस पूर्ववत करणारे बटण असणे, प्रोसेसरावाचून केवळ पेन ड्राइव्हवरून बायोस भरता येणे, आणि अडले कोठे हे सांगणारी दोन आकडी पाटी किंवा निदान चार लहान दिवे असणे, या सोयी सोन्यासारख्या वाटतात. खर्चाच्या दृष्टीने पाहता, एकाच कंपनीच्या यादीतील मधल्या किमतीच्या मदरबोर्डात या बहुतेक सोयी आणि पुरेसा व्हीआरएम दोन्ही मिळतात. त्यावरच्या किमतीत वाढतात ते जोडणीचे मार्ग, जलद नेटवर्क आणि रोषणाई. खेळांपुरते बोलायचे तर तो पैसा ग्राफिक्स कार्डात घातलेला बरा, कारण १९९८ सारखा ५० टक्क्यांचा लाभ आता कोणालाच होत नाही. कारखानेच प्रोसेसरांना मर्यादेच्या टोकापर्यंत नेऊन विकतात, आणि हौशी माणसाच्या वाट्यास चार-पाच टक्के उरतात. अलीकडे जाणती मंडळी उलट दिशेने जातात. तोच वेग ठेवून व्होल्ट किती कमी करता येतात, हे ती पाहतात.

बसवून झाल्यावर तपासणी करावी ती खेळावर नव्हे. खेळ तासभर चालला म्हणून संगणक स्थिर आहे असे होत नाही. प्राइम९५ हा कार्यक्रम मर्सेन जातीच्या मूळ संख्या शोधण्यासाठी लिहिला गेला. त्यातील चाचणीत उत्तरे आधीच ठाऊक असल्याने प्रोसेसराची लहानशी चूकही तत्काळ उघडी पडते. तो अर्धा-पाऊण तास चालवून त्या वेळी व्हीआरएमचे तापमान पाहावे, आणि शक्य तर दुपारच्या उन्हाच्या वेळी पाहावे. रॅमची चाचणी निराळी आणि रात्रभराची असते.

राहता राहिली खरेदी. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, किंवा सिकंदराबादचे चिनॉय ट्रेड सेंटर, येथे एकाच मदरबोर्डाच्या भावात बराच फरक आढळतो, आणि स्वस्त भावात पुष्कळदा बिल नसते. बिलावर अनुक्रमांक लिहून घेतल्यावाचून पैसे देऊ नयेत. पुष्कळ मदरबोर्डांना तीन वर्षांची हमी असते, पण खाचेतील वाकलेली पिन तीत बसत नाही. इंटेलच्या सध्याच्या प्रोसेसरांप्रमाणे एएमडीच्या एएम५ प्रोसेसरांच्याही पिना आता मदरबोर्डावरच असतात, हजाराहून अधिक, केसासारख्या नाजूक. खोके दुकानातच उघडावे, झाकण उचलून, तिरप्या उजेडात त्यांच्या रांगा सरळ आहेत की नाहीत ते पाहावे, आणि एक छायाचित्र काढून ठेवावे. प्रोसेसर बसताना खाचेवरचे काळे प्लॅस्टिकचे झाकण निसटून येते, आणि ते बहुतेक लोक टाकून देतात. दुरुस्तीसाठी मदरबोर्ड परत पाठवताना ते खाचेवर लावलेले असावे लागते, म्हणून ते बिलाबरोबर त्याच खोक्यात ठेवावे.